कुळागरात सापडलेला काळा, जड दगड नक्की कसला?

व्हाळाकाठी | १६ जून, रात्री ९:२०

नमस्कार. इथे बरीच वर्षे वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते.

गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढे म्हादईच्या अंगाला आमचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि वरच्या बाजूचा गडगा दोन हात ढासळला. माझे सासरे (आम्ही त्यांना बाबा म्हणतो) चिरे परत रचायला गेले, तेव्हा वाहून गेलेल्या मातीत हा दगड उघडा पडलेला दिसला. सोललेल्या नारळाएवढा असेल. त्यांनी एका हाताने उचलायला घेतला आणि दुसरा हात लावावा लागला. घरच्या काट्यावर १ किलो ८४० ग्रॅम भरला.

रंग काळा, मधे मधे तांबूस गंज. वरची बाजू गुळगुळीत आणि वळ्या पडलेली. काकवी थंड ताटात ओतली की एकावर एक घडी पडत जाते ना, अगदी तशी. खालची बाजू खरखरीत, तिला माती आणि बारीक खडे असे घट्ट धरून बसलेत की ब्रशने घासूनही सुटत नाहीत. एक कोपरा फुटलेला आहे. तिथे आत भोके दिसतात, काही मोहरीएवढी, काही मुगाएवढी. फ्रिजवरचे लोहचुंबक दोन-तीन ठिकाणी हलकेच धरते, बाकी ठिकाणी नाही.

आजूबाजूला सगळा जांभा आणि लाल माती. फक्त हा दगड मिळाला त्या कोपऱ्याची माती काळपट आहे. घरात त्या तुकड्याला 'काळटी' म्हणतात, तिथे अळू छान होते.

बाबांनी दगड धुऊन तुळशीजवळ ठेवला आणि दोन दिवसांत बातमी वाड्याभर झाली. परवा बाहेरगावचे एक गृहस्थ आले. दगड हातातही न घेता म्हणाले, ही उल्का आहे, परदेशात कोटीला जाते. मात्र आधी 'लॅब टेस्ट'चे १५,००० रुपये आम्ही भरायचे. बाबा लगेच हो म्हणाले नाहीत, पण तेव्हापासून विचारात आहेत. रात्री उठून दगडाकडे बघून येतात. मला त्यांना खरे काय ते सांगायचे आहे. इथे जाणकार आहेत, कृपया मदत करा.

मांडवीपार | १६ जून, रात्री ९:४१

फोटो दिसत नाहीयेत. आणि टेस्टचे पैसे अजिबात देऊ नका, बाकी नंतर बोलू.

व्हाळाकाठी | १६ जून, रात्री १०:०५

फोटो परत चढवले. आता दिसायला हवेत. चार बाजूंचे चार आहेत आणि पाचवा फुटलेल्या कोपऱ्याचा, शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून.

खाणवाट | १६ जून, रात्री १०:५०

ताई, डिचोलीकडच्या खाणींवर माझी २६ वर्षे गेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा घरी आलो. आपल्या भागात काळा आणि जड दगड म्हटला की आधी लोखंडाचा किंवा मॅंगनीजचा ओर, म्हणजे खनिज दगड धरायचा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा सगळा पट्टाच त्याचा. घराच्या पायातसुद्धा ओर निघतो, उल्का कुठली?

फोटोवरून सांगणे कठीण आहे, म्हणून एक काम करा. जुन्या कपबशीच्या तळाला झिलई नसलेला गोल असतो, किंवा फरशीची मागची बाजू घ्या. दगडाचा गंज नसलेला कोपरा त्यावर जोराने ओढा. दगड बाहेरून काळा असो की चंदेरी, रेघ खोटे बोलत नाही. लालभडक किंवा विटकरी रेघ आली तर हेमाटाइट. काळी आली आणि चुंबक घट्ट बसला तर मॅग्नेटाइट. पिवळट तपकिरी असेल तर गोएथाइट. त्याच्यावर द्राक्षाच्या घडासारखे फुगवटे येतात आणि लोक त्यालाच फार वेळा उल्का समजतात. मॅंगनीज असेल तर रेघ काळी आणि बोटांनाही काजळी लागेल, रिवणकडची माणसे ती काजळी चांगली ओळखतात.

आणखी एक बघा, दगडात पट्टे आहेत का? आपला मूळ ओर पट्ट्यापट्ट्यांचा असतो, एक काळा लोखंडाचा, एक पांढरट किंवा लालसर गारेचा, म्हणजे गारगोटीचा. तो कुजून सुटा झाला की निळसर काळी भुकटी होते, तिला आम्ही ब्लू डस्ट म्हणायचो. मुठीत घेतली की घामाला चिकटायची आणि दोन दिवस नखांतून जायची नाही.

देवचाफा | १७ जून, सकाळी ७:१५

तुळशीजवळ ठेवलाच आहे तर विचारते. शाळिग्राम असेल का? आमच्या देव्हाऱ्यातलाही असाच काळा आहे.

निशाचर | १७ जून, सकाळी ८:०२

@देवचाफा, शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीचा. तो काळ्या शेलचा (चिखल थिजून झालेल्या दगडाचा) गोटा असतो आणि आतले चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवाचा जीवाश्म. तो इतका जड नसतो आणि त्यात अशी भोके नसतात.

आता उल्केबद्दल. मी पुण्याचा, आकाशनिरीक्षण हा माझा छंद. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कांचा वर्षाव झाला होता, त्यातले तुकडे मला संग्रहात पाहता आले. ते डोळ्यांसमोर ठेवून तुमच्या फोटोंकडे बघतो आहे.

उल्का वातावरणातून येताना फक्त तिचा वरचा पापुद्रा वितळतो. तो पापुद्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, पोळीच्या करपलेल्या पदराएवढा पातळ. फुटलेल्या ठिकाणी आतला दगड वेगळा, बहुतेक वेळा करड्या रंगाचा दिसतो. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे असू शकतात. पण आत बुडबुड्यांची भोके? उल्केत ती जवळजवळ नसतातच. तुमच्या पाचव्या फोटोत आत-बाहेर एकच काळा रंग आहे आणि भोकेच भोके आहेत. माझ्या मते उल्का नाही.

तरी खात्रीसाठी घनता काढा, घरी होते. काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य करा. दगड दोरीला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरी हातात धरून ठेवा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर दगडाचे आकारमान. दगडाच्या वजनाला त्या आकड्याने भागायचे.

रानवाटा | १७ जून, सकाळी ९:३०

वाचते आहे. फोटोतल्या त्या वळ्या फार सुंदर आहेत.

मांडवीपार | १७ जून, दुपारी १:१०

काल घाईत लिहिले, आता सविस्तर. माझ्या काकांच्या बाबतीत हे घडले आहे. घरात एक जुने तांब्याचे भांडे होते. 'राईस पुलर' आहे, तांदूळ ओढून घेते, अवकाश संशोधनाला लागते असे सांगत दोघे आले. आधी तपासणीचे पैसे, मग 'रेडिएशन सूट'चे, मग कुठल्याशा परवान्याचे. दर वेळी रक्कम थोडी वाढायची आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून काका पुढचे भरत राहायचे. आठ महिन्यांत कुळागराच्या दोन वर्षांच्या सुपारीचे पैसे गेले. काकांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितले नाही, काकीला बँकेच्या पुस्तकावरून कळले.

व्हाळाकाठी ताई, म्हणूनच काल रात्री आधी तेच लिहिले. तुमच्या बाबांना एकटे सोडू नका. त्यांना हसूही नका. माझ्या काकांना घरातले हसतील याचीच सगळ्यात जास्त भीती होती.

निशाचर | १७ जून, दुपारी १:३८

मांडवीपार यांनी लिहिले ते सगळ्यांनी वाचावे. यात आणखी भर घालतो. खरी उल्का सापडली तर ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायची असते, उल्कांचा राष्ट्रीय संग्रह त्यांच्याकडे कोलकात्याला आहे. दारात येऊन आधी पैसे मागणाऱ्या माणसाचा त्या वाटेशी काही संबंध नाही.

व्हाळाकाठी | १७ जून, रात्री ९:५५

मांडवीपार, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या माणसाचा फोन आला तर मीच बोलतो." आणि बोलले. आता तो येणार नाही.

नंतर आम्ही दोघांनी मिळून तपासण्या केल्या. चष्मा लावून बाबाच काट्याचा आकडा वाचत होते.

रेघ: कपाच्या तळावर ओढली तर दगडाने कपच खरवडला. जी रेघ उमटली ती फिकट, राखाडी काळी. गंजावरून ओढली तिथे तपकिरी. लाल कुठेच नाही.

घनता: पाण्यात धरल्यावर ५३० ग्रॅम दाखवले. १८४० भागिले ५३०, म्हणजे ३.४७. बुडवल्यावर भोकांतून थोडा वेळ बुडबुडे येत होते.

चुंबक: दोऱ्याला बांधून दगडाभोवती फिरवला. फुटलेल्या कोपऱ्याजवळ ओढला जातो, वळ्यांच्या बाजूला जेमतेम.

पट्टे नाहीत. हाताला काजळी लागत नाही.

खाणवाट | १७ जून, रात्री १०:२०

मग माझा अंदाज चुकला. शुद्ध हेमाटाइटची घनता ५.२६ असते. आमचा चांगला लम्प ओर हातात घेतला की कळायचेच. ३.४७ आणि लाल रेघ नाही, म्हणजे हेमाटाइट बाद. मॅग्नेटाइट असता तर चुंबक सोडला नसता. मॅंगनीजची काजळीही नाही.

निशाचर | १७ जून, रात्री १०:४५

घनतेबाबत एक सावधगिरी. पडणाऱ्या उल्कांपैकी दहातल्या नऊहून जास्त दगडी असतात आणि साध्या दगडी उल्कांची घनता ३.३ ते ३.७ च्या घरात असते. म्हणजे नुसत्या ३.४७ वर विसंबून कुणी 'बघा, उल्काच' म्हणू शकेल. एका तपासणीवर निकाल देऊ नये तो यासाठीच. आमच्याकडचा बेसॉल्ट ३ च्या आसपास असतो, त्यातही भोके असतात, पण गोव्यात तो चोर्ला-सुर्लाच्या बाजूच्या माथ्यावरच येतो आणि चुंबक धरणारी अशी गाठ त्यात नसते.

मला हे काहीतरी वितळून ओतल्यासारखे वाटते आहे. माणसाने ओतल्यासारखे.

वैद्य_अपर्णा | १८ जून, सकाळी ६:५०

काल रात्री फोटो पाहिले आणि झोप लागेना. ताई, हा मंडूर असावा.

आम्हा वैद्यांना मंडूर परिचयाचा. पांडुरोगावर पुनर्नवा मंडूर देतात, त्यातला मंडूर म्हणजे लोखंड गाळताना वेगळे होणारे किट्ट, लोहकीट. ते तापवून लाल करायचे आणि गोमूत्रात विझवायचे, असे पुन्हा पुन्हा करून त्याचे शोधन होते. आमच्या रसशास्त्राच्या सरांनी वर्गात जुन्या मंडुराचा खडा फिरवला होता. काळा, जड, भोके पडलेला, एका अंगाला चकचकीत. तोच तुमच्या पाचव्या फोटोत दिसतो आहे.

ग्रंथांत मंडुराची प्रत वयावरून ठरवतात. शंभर वर्षांहून जुना तो उत्तम, ऐंशी वर्षांचा मध्यम, साठचा कनिष्ठ, त्याहून कोवळा घेऊच नये. म्हणजे हे किट्ट जमिनीत पडून राहिलेले असते आणि तिथून शोधून आणायचे असते, हे त्या जुन्या लोकांनी गृहीतच धरले होते.

कृपा करून कुणी हे वाचून घरी औषध करू नका. शोधन आणि मारण (भस्म करणे) यांशिवाय ते पोटात घेण्याची वस्तू नाही.

व्हाळाकाठी | १८ जून, सकाळी ७:३०

अंगावर काटा आला. पण वैद्यबाई, आमच्याकडे लोखंड कोण गाळणार? जवळपास कारखाना कधी नव्हता.

घण_ऐरण | १८ जून, सकाळी ११:१५

धातुशास्त्र हा माझा विषय आहे आणि जुन्या भट्ट्यांचे कीट पाहायला मी बराच फिरलो आहे. वैद्यबाईंनी अचूक ओळखले. थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा दगड बोलतो आहे.

कारखान्याच्या आधी लोखंड असे निघायचे: कमरेएवढी मातीची भट्टी. तिच्यात लाकडी कोळसा आणि फोडलेला ओर थरावर थर घालायचा. खालून मातीच्या नळीतून भात्याचा वारा. आतली उष्णता १,२०० अंशांच्या आसपास जायची. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात, तेवढी उष्णता त्या भट्टीत होत नसे. म्हणून लोखंड वितळायचे नाही, स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात आत साचायचे. वितळायची ती मळी. ओरमधली गार, भट्टीची थोडी माती आणि बरेचसे लोखंडसुद्धा तिच्यात जायचे. भट्टीच्या पायथ्याशी भोक पाडले की ही मळी बाहेर वाहायची, जमिनीवर पसरायची आणि थिजायची. आतला गोळा काढून तापलेला असतानाच घणाने ठोकायचा, उरलेली मळी पिळून काढायची, की हाती लोखंड.

आता तुमचा दगड बघा. वरच्या बाजूला काकवीसारख्या वळ्या, कारण तो खरोखरच वाहिला आहे. एक धार थिजली, तिच्यावर दुसरी आली. खालच्या बाजूला माती आणि खडे घट्ट, कारण तापलेला रस जमिनीवर पडला आणि जमीन त्याला चिकटली. भोके म्हणजे आत अडकलेला वायू. फुटलेल्या कोपऱ्यात चुंबक ओढला जातो, तिथे बहुधा लोखंडाचा बारीक कण अडकला असेल. घनता ३.४७, कारण अर्धे लोखंड त्या मळीतच राहिले. म्हणूनच ती इतकी जड.

ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, फुटलेल्या भागात कोळशाचा तुकडा किंवा लाकडाच्या रेषांचा ठसा दिसतो का? दोन, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिले होते की त्या कोपऱ्याची माती काळी आहे. ती किती जागेत काळी आहे आणि जवळ पाणी किती अंतरावर?

खाणवाट | १८ जून, दुपारी १२:४०

घण_ऐरण साहेब, मनापासून नमस्कार. २६ वर्षे ओर भरून बार्जवर पाठवला, पण आपल्याच मातीत कुणी हाताने लोखंड काढत असेल असे कधी मनात आले नाही.

दोन शंका. आमोण्याला पिग आयर्नचा (कच्च्या ओतीव लोखंडाचा) कारखाना आहे, तिथली मळी भरावासाठी कुणी आणून टाकली असेल का? आणि आमच्या वाड्यावर च्यारींची भट्टी होती, कोयते-विळे व्हायचे. तिथेही काळे गोळे पडलेले असायचे. ते हेच का?

घण_ऐरण | १८ जून, दुपारी २:०५

दोन्ही शंका रास्त आहेत, मी स्वतःही आधी हेच तपासतो.

कारखान्याच्या उंच भट्टीत चुनखडी घालतात आणि उष्णता जास्त असते, त्यामुळे लोखंड जवळजवळ पूर्ण निघून जाते. मळी चुन्याची, फिकट रंगाची, काचेसारखी किंवा वाळूसारखी होते आणि तुलनेने हलकी. चुंबक तिला ओळखतही नाही. इतकी काळी आणि जड ती नसते.

लोहाराच्या भट्टीतला गोळा ओळखायची खूण म्हणजे आकार. तो भट्टीच्या खोलगट तळाशी साचतो, म्हणून बशीसारखा, खाली फुगीर आणि वर सपाट किंवा किंचित खोल. मुठीएवढा. त्यावर अशा वाहिलेल्या वळ्या येत नाहीत, कारण तो वाहतच नाही, जागच्या जागी थिजतो. ताईंच्या दगडाला धार आहे, दिशा आहे.

सह्याद्रीत हे काम होत असे. महाबळेश्वर-साताऱ्याच्या डोंगरांत धावड लोक लोखंड गाळत. जांभ्यातला ओर आणि रानातला कोळसा, दोन्ही जवळ. एकोणिसाव्या शतकात बाहेरचे स्वस्त लोखंड आले, कोळशासाठी रान तोडण्यावर बंधने आली आणि भट्ट्या विझल्या. आपल्या घाटाखालीही ओर, रान आणि पाणी तिन्ही होते.

आडवाट | १८ जून, दुपारी ४:३०

थोडे अवांतर. मे महिन्यात मला केळशीच्या किनाऱ्यावर काळा, गोल 'दगड' मिळाला होता. गाडीत ठेवला आणि उन्हाने मऊ होऊन सीटला चिकटला. तो काय असेल?

निशाचर | १८ जून, दुपारी ४:४४

तेलगोळा, टारबॉल. समुद्रात सांडलेल्या तेलाचा. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर येतात. खोबरेल तेलाने सीट पुसून बघा.

व्हाळाकाठी | २१ जून, सायंकाळी ६:२०

आज रविवार, पाऊसही उघडला होता. बाबा, मी आणि मुलगा, तिघे काळटीवर जाऊन आलो.

आधी कोळशाचे. बॅटरीच्या उजेडात भिंगाने पाहिले. फुटलेल्या कोपऱ्यात, सर्वात मोठ्या भोकाच्या भिंतीवर, एकमेकींना समांतर बारीक रेषा आहेत. लाकडाचा रंधलेला तुकडा असतो तशा. कोळसा स्वतः नाही, त्याने सोडलेला साचा आहे. मुलाने त्याचे चित्र वहीत काढले.

काळी माती साधारण आठ पावले लांब आणि पाच पावले रुंद. तिच्याबाहेर एका बोटाच्या अंतरात लाल सुरू होते. व्हाळ तिथून तीस पावलांवर. गडगा जिथे ढासळला तिथे उघड्या पडलेल्या मातीच्या कडेत असेच आणखी काळे तुकडे आहेत. मी अकरा मोजले. बहुतेक अंगठ्याएवढे, एक तळहाताएवढा. आम्ही हात लावला नाही.

आणि एक वस्तू मिळाली, तिचा फोटो देते आहे. भाजक्या मातीची जाड नळी, अर्धी फुटलेली. आतले भोक माझ्या अंगठ्याएवढे. एक टोक विटेसारखे लाल आहे. दुसरे टोक काळे-हिरवट आणि काचेसारखे चकचकते, जणू वितळून परत गोठले आहे. ती पाटाच्या पाण्यात पडून वाहून जाईल म्हणून तेवढी घरी आणली. चुकले का?

बाबा तिथे चिऱ्यावर बसून राहिले. म्हणाले, त्यांच्या आजीने सांगितले होते की या तुकड्यात नांगर घालू नये, फाळ मोडतो. कशाने मोडतो ते तिने सांगितले नव्हते. म्हणून तिथे कायम अळूच.

घण_ऐरण | २१ जून, सायंकाळी ६:४८

ताई, ती भात्याची नळी आहे. चकचकीत टोक भट्टीच्या आत असायचे, आगीत. लाल टोक बाहेर, भात्याकडे. आता शंका उरली नाही. कीट एक वेळ कुठून तरी वाहून येईल. कीट, नळी, कोळशाची काळी माती आणि पाणी हे सगळे एका जागी असले की भट्टी तिथेच होती.

नळी आणलीत ते ठीक केलेत, वाहून गेली असती. मात्र यापुढे काही उचलू नका आणि खणू तर अजिबात नका. काळ्या मातीत कोळसा असणार. जागेवरचा, न हाताळलेला कोळसा मिळाला तर प्रयोगशाळेत त्याचे वय काढता येते. कुदळ घालून वरची-खालची माती एक केली की तो पुरावा संपला. गडगा सध्या रचू नका, त्यावर ताडपत्री टाका आणि कडेने पाण्याला वाट काढून द्या.

खाणवाट | २१ जून, सायंकाळी ७:३०

फोटो तीनदा पाहिला. माझ्या आजोबांच्या तोंडी 'कीट' हा शब्द होता, चुलीतल्या खंगराला ते कीट म्हणायचे. तो शब्द कुठून आला असेल हे आज कळले.

ताई, पणजीला राज्य पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. पणसायमळची कातळचित्रे आठवा. कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेले ते बैल आणि ते चक्रव्यूह गावकऱ्यांना माहीत होते, त्यांनी सांगितले म्हणून १९९३ मध्ये ती जगापुढे आली. तोवर त्यांच्यावरून गुरे जात होती. अर्ज लिहायला मदत हवी तर मी लिहून देतो, खाणीवर रिपोर्ट लिहायची सवय आहे.

रानवाटा | २१ जून, रात्री ८:१०

धाग्यात जागेचे नाव आणि नकाशा टाकू नका, एवढीच विनंती. फोटोंतून लोकेशन काढून टाका. माणसे कुदळी घेऊन येतात.

व्हाळाकाठी | २१ जून, रात्री ८:२५

धन्यवाद रानवाटा, फोटो काढून नव्याने चढवले आहेत. खाणवाट काका, मसुदा कराच. शब्द तुमचे, सही बाबांची.

वैद्य_अपर्णा | २२ जून, सकाळी ७:०५

बाबांना माझा नमस्कार सांगा. आजीने राखून ठेवलेली जागा त्यांनीही राखली.

व्हाळाकाठी | २६ जून, रात्री ९:१५

अर्ज आज पणजीला दिला, पोच मिळाली. पाऊस थांबल्यावर माणूस बघायला येईल असे सांगितले आहे. तोवर ताडपत्री आहे, तिच्या कडांवर बाबांनी चिरे ठेवलेत आणि पाट शेजारून वळवला आहे.

दगड तुळशीजवळच आहे. घण_ऐरण यांच्या सांगण्यावरून त्याच्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवली आहे. मुलाने लिहिली, बाबांनी सांगितली: कोणत्या दिवशी मिळाला, गडग्याच्या कितव्या चिऱ्यापासून किती हातांवर, किती खोल, आणि वळ्यांची बाजू वर होती की खाली. वर होती.